बेट, गुन्हा आणि न्याय : अगाथा ख्रिस्ती यांचे जीवन आणि रहस्यकथेतील एकान्तस्थळ

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार वाचकप्रिय असूनही समीक्षेच्या प्रांतात बहुधा उपेक्षितच राहिला आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि अनेकांना वाचनाची गोडी लावली. परंतु वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला आला तो बहुतेक ओझरता उल्लेखच. या उपेक्षेमागे एक गृहीतक असते. रहस्यकथा म्हणजे कोडे. कोडे सुटले, गुन्हेगार सापडला, की कथेचे प्रयोजन संपले आणि बिघडलेली समाजव्यवस्था पूर्ववत झाली, असे ते गृहीतक होय. या वाङ्मयप्रकाराची सर्वांत प्रसिद्ध लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती. त्यांच्या जीवनाचा आणि काही निवडक कृतींचा एकत्रित विचार केला असता हे गृहीतक पुरते टिकत नाही. ख्रिस्ती यांच्या लेखनात जगापासून तुटलेले स्थळ वारंवार येते. कधी ते समुद्रातील बेट असते, कधी वाळवंटातील विश्रामगृह, तर कधी प्राचीन इजिप्तमधील एका पुरोहिताचा वाडा. पोलीस, न्यायालय आणि लोकमत या तिन्हींची सत्ता जिथे पोहोचत नाही, तिथे माणसाचा न्याय कोणी करावयाचा, हा प्रश्न या स्थळांतून उभा राहतो. तो प्रश्न लेखिकेच्या आयुष्यातून कसा घडत गेला, हे पाहणे उद्बोधक आहे.

१. घर आणि घरातील भय

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील फ्रेडरिक मिलर हे अमेरिकन होते. वाडवडिलांच्या मिळकतीवर सुखाने जगणारे, कोणताही उद्योग न करणारे गृहस्थ म्हणून ते ओळखले जात. आई क्लारा या कल्पक आणि काहीशा लहरी स्वभावाच्या होत्या. मुलांनी आठ वर्षांपर्यंत वाचावयास शिकू नये असे त्यांचे मत होते. धाकट्या अगाथाने मात्र पाचव्या वर्षाच्या सुमारास स्वतःच अक्षरे जुळवून वाचण्यास प्रारंभ केला. बहीण मॅज आणि भाऊ माँटी दोघेही वयाने पुष्कळ मोठे असल्यामुळे तिचे बालपण बव्हंशी एकटीचे होते. ‘अ‍ॅशफील्ड’ हे टॉर्कीचे घर, त्याची बाग आणि मनातल्या मनात निर्माण केलेले सोबती हेच तिचे विश्व होते.

या सुरक्षित विश्वातच एक भय वस्तीला होते. लहानपणी तिला एक स्वप्न वारंवार पडे. त्यात एक बंदूकधारी माणूस येई. त्याने कोणाला इजा करावी असे त्या स्वप्नात घडत नसे. भय निराळेच होते. चहाच्या टेबलाभोवती घरची मंडळी बसलेली असत आणि अचानक त्यांतीलच एखाद्या प्रिय व्यक्तीच्या, क्वचित प्रत्यक्ष आईच्या, चेहऱ्यातून त्या माणसाचे डोळे बघू लागत. परका घरात शिरण्याचे हे भय नव्हते. आपलेच माणूस परके ठरण्याचे होते. पुढील पन्नास-पंचावन्न वर्षांच्या लेखनातील संशयाचे मूळ या स्वप्नात शोधणे गैर ठरणार नाही. ख्रिस्ती यांच्या कथांतील गुन्हेगार हा बाहेरून आलेला दरोडेखोर सहसा नसतो. तो कुटुंबात, पंगतीत, प्रवासातील सोबत्यांत बसलेला असतो.

१९०१ साली वडिलांचे निधन झाले, तेव्हा अगाथा अकरा वर्षांची होती. मिळकतीला ओहोटी लागलीच होती. आता ‘अ‍ॅशफील्ड’ विकावे लागेल अशी वेळ आली. मुलांच्या आग्रहामुळे आईने घर राखले. पुढे पॅरिसमध्ये संगीताचे शिक्षण झाले. परंतु सभेत वादन करण्याइतके धैर्य नसल्याने ती वाट सुटली. काही महिने कैरोत गेले. लंडनच्या मानाने तिथे थोड्या खर्चात मुलीला प्रतिष्ठित समाजात मिसळता येई, हे त्यामागील कारण होते. त्या वेळी प्राचीन इजिप्तचे अवशेष पाहण्यात तिला फारसा रस वाटला नाही. याच भूमीवर पुढे तिने आपली एकमेव ऐतिहासिक रहस्यकादंबरी उभी केली.

२. औषधालय आणि पहिली कादंबरी

१९१४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी अगाथा यांचा विवाह वैमानिक दलातील अधिकारी आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी झाला. महायुद्ध सुरू झाले होते. पती फ्रान्समध्ये आघाडीवर, तर पत्नी टॉर्कीच्या रुग्णालयात स्वयंसेवी परिचारिका, अशी या संसाराची सुरुवात होती. पुढे त्यांची नेमणूक रुग्णालयाच्या औषधालयात झाली आणि १९१७ मध्ये त्यांनी औषधनिर्मितीची परीक्षा उत्तीर्ण केली. विषांचे गुणधर्म, मात्रा आणि परिणाम यांचे काटेकोर ज्ञान त्यांना येथे मिळाले. औषध आणि विष यांत पुष्कळदा केवळ मात्रेचा फरक असतो, ही या कामातील नित्याची जाणीव होती. ख्रिस्ती यांच्या कथाविश्वात हीच जाणीव माणसांना लागू होते. सज्जन आणि खुनी हे भिन्न जातीचे नसतात; एखाद्या वृत्तीची मात्रा वाढली की पहिल्याचा दुसरा होतो.

रहस्यकथा लिहिणे तुला जमणार नाही, असे मॅजने एकदा सुचविले होते. औषधालयातील फावल्या वेळात, १९१६ मध्ये, त्या आव्हानाला उत्तर म्हणून ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ ही कादंबरी लिहिली गेली. टॉर्कीत आश्रयाला आलेल्या बेल्जियन निर्वासितांवरून हर्क्यूल प्वारो हा गुप्तहेर सुचला. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर बॉडली हेड या संस्थेने ते स्वीकारले आणि १९२० मध्ये अमेरिकेत व त्यानंतर इंग्लंडमध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. करार लेखिकेच्या दृष्टीने अत्यंत अन्यायकारक होता. तिच्या हाती अवघे पंचवीस पौंड आले. तथापि औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने कादंबरीतील विषाच्या अचूक वर्णनाची प्रशंसा केली. अशा पुस्तकाला तेथून दाद मिळणे ही दुर्मीळ गोष्ट होती आणि ख्रिस्ती यांना तिचे मोल आयुष्यभर वाटत राहिले.

३. अकरा दिवस

१९२६ हे वर्ष त्यांच्या जीवनाचे दोन भाग करणारे ठरले. त्या वर्षी ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ प्रसिद्ध झाली. निवेदकावर वाचक जो विश्वास टाकतो त्यालाच या कादंबरीने धक्का दिला आणि रहस्यकथेच्या नियमांविषयी वाद उसळला. परंतु एप्रिलमध्ये आईचे निधन झाले होते. ‘अ‍ॅशफील्ड’ मधील पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान आवरीत त्या एकट्या राहत असतानाच पतीचे मन दुसऱ्या स्त्रीकडे गेल्याचे उघड झाले. नॅन्सी नील या तरुणीशी विवाह करता यावा म्हणून आर्चिबाल्ड यांनी घटस्फोट मागितला.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ख्रिस्ती बर्कशरमधील आपल्या घरातून मोटार घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटार सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर या ठिकाणी बेवारशी सापडली. आत त्यांचा कोट आणि सामान होते. त्यानंतर अकरा दिवस इंग्लंडमधील वृत्तपत्रांना दुसरा विषय उरला नाही. शेकडो पोलीस आणि स्वयंसेवक माळराने धुंडाळीत होते; शोधासाठी विमानेही वापरली गेली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांनी त्यांचा हातमोजा परलोकविद्येच्या एका जाणकाराकडे दिला. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी घटनास्थळाला भेट दिली. पतीवर खुनाचा संशय घेतला जाऊ लागला. १४ डिसेंबरला यॉर्कशरमधील हॅरोगेट येथील एका आरोग्यनिवासात ख्रिस्ती सापडल्या. तिथे त्या दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या पाहुण्या म्हणून राहत होत्या आणि त्यांनी नोंदविलेले आडनाव होते नील.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. लोकांनी ते मानले नाही. पतीला धडा शिकविण्याची युक्ती, पुस्तकाच्या खपासाठी केलेली प्रसिद्धी, अशी नाना अनुमाने तेव्हा झाली आणि पुढे चरित्रकारांनी, कादंबरीकारांनी व चित्रपटकारांनी ती चालू ठेवली. ख्रिस्ती यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आत्मचरित्रात या अकरा दिवसांविषयी एक अक्षरही नाही. इतरांची रहस्ये उलगडून दाखविणाऱ्या लेखिकेने स्वतःविषयीचे रहस्य उलगडण्यास नकार दिला. या मौनाकडे वाचकाला दिलेली हुलकावणी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. त्याचा दुसरा अन्वयार्थही संभवतो. पुरावा, साक्ष, तर्क आणि निवाडा या रहस्यकथेतील सर्व प्रक्रिया त्या अकरा दिवसांत एका दुःखी, जिवंत माणसावर जाहीरपणे चालविल्या गेल्या. लोकमताच्या न्यायासनापुढे उभे राहण्याचा हा अनुभव होता. त्यानंतरच्या लेखनात निवाडा करणाऱ्याच्या अधिकाराविषयी जी शंका दिसते, तिचे बीज येथे असावे.

फेब्रुवारी १९२७ मध्ये त्या मुलगी रोझलिंड आणि चिटणीस यांना घेऊन अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर गेल्या. तिथे ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ ही कादंबरी त्यांनी मोठ्या कष्टाने, मनाविरुद्ध पुरी केली. या लेखनाचा त्यांना आनंद झाला नाही. पण पैशांची निकड होती. इच्छा नसताना, सुचत नसताना लिहावे लागणे म्हणजे व्यावसायिक लेखक होणे, ही जाणीव त्यांना या बेटावर झाली. घटस्फोट १९२८ मध्ये झाला.

४. टोपणनावाआडचे बेट

१९२८ च्या शरदात त्यांनी ओरिएंट एक्सप्रेसने एकटीनेच बगदादचा प्रवास केला आणि लेनर्ड वूली यांचे ऊर येथील उत्खनन पाहिले. १९३० मध्ये पुन्हा तिथे गेल्या असता वूली यांचे साहाय्यक मॅक्स मॅलोवन यांच्याशी परिचय झाला. मॅलोवन वयाने त्यांच्याहून सुमारे चौदा वर्षांनी लहान होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एडिंबरो येथे त्यांचा विवाह झाला. अर्पाचिया, चागर बाझार, टेल ब्राक आणि महायुद्धानंतर निमरूद येथील उत्खननांत ख्रिस्ती पतीसोबत राहिल्या. सापडलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढणे, मृत्पात्रांचे तुकडे जुळविणे, हस्तिदंती कोरीव वस्तू स्वच्छ करणे ही कामे त्या करीत. मातीचा एकेक थर अलगद काढीत, तुकड्यांवरून समग्र वस्तूची कल्पना करावयाची ही पुरातत्त्वाची पद्धत आणि त्यांच्या कथेची तपासपद्धती यांतील साम्य उघड आहे.

याच काळात त्यांनी ‘मेरी वेस्टमॅकॉट’ या टोपणनावाने निराळे लेखन सुरू केले. १९३० ते १९५६ या अवधीत या नावाने सहा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत खून नाही, तपास नाही. लेखिकेची खरी ओळख जवळजवळ वीस वर्षे गुप्त राहिली आणि १९४९ मध्ये एका वृत्तपत्राने ती फोडली. या कादंबऱ्यांपैकी ‘अनफिनिश्ड पोर्ट्रेट’ (१९३४) प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. एका अनाम बेटावर एक चित्रकार सीलिया नावाच्या स्त्रीला भेटतो. ती आत्महत्येच्या उंबरठ्यावर असते. रात्रभर ती आपले आयुष्य त्याला सांगते : हट्टाने जपलेले बालपण, स्वप्नात येणारा बंदूकधारी, आईचा मृत्यू, पतीचा दुरावा. लेखिकेच्या आयुष्याशी हे तपशील इतके जुळतात की आत्मचरित्रात गाळलेल्या कालखंडाची छाया या कादंबरीत शोधली जाते. तसे करताना सावधगिरी हवीच; कादंबरी हा कबुलीजबाब नव्हे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. स्वतःचे दुःख सांगण्यासाठी लेखिकेला परके नाव लागले आणि परके बेट लागले. ऐकणारा चित्रकार तिथे न्यायाधीश नाही, तपास करणाराही नाही. तो केवळ श्रोता आहे. हॅरोगेटमध्ये जे मिळाले नाही ते येथे कथेत मिळते.

५. दहा जणांचे बेट

डेव्हनच्या किनाऱ्यावर बिगबरी-ऑन-सी या गावासमोर, सुमारे अडीचशे मीटर अंतरावर बर्ग नावाचे लहानसे बेट आहे. ओहोटीच्या वेळी वाळूतून तिथे चालत जाता येते. भरती आली की वाट बुडते. १९२९ मध्ये आर्चिबाल्ड नेटलफोल्ड या श्रीमंत गृहस्थाने तिथे नव्या धाटणीचे आलिशान हॉटेल बांधले आणि ख्रिस्ती तिथे जात असत. या स्थळावरून दोन कादंबऱ्या आल्या असे मानले जाते. त्यांपैकी १९४१ ची ‘ईव्हिल अंडर द सन’ ही प्वारोची नेहमीच्या पद्धतीची कथा आहे. दुसरी, नोव्हेंबर १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली, ‘अँड देन देअर वेअर नन’ या नावाने आज ओळखली जाते.

कादंबरीची रचना सर्वपरिचित आहे. परस्परांना अनोळखी अशा दहा व्यक्ती निरनिराळ्या निमित्तांनी एका बेटावरील घरात जमतात. यजमान गैरहजर असतो. भोजनानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजू लागते आणि प्रत्येकावर खुनाचा आरोप ठेवते. त्यानंतर भिंतीवर टांगलेल्या बालगीताच्या क्रमाने एकेक जण मरत जातो. वादळामुळे नाव येत नाही. बेटावर गुप्तहेर नाही. जो माजी पोलीस अधिकारी आहे त्याने स्वतःच खोटी साक्ष देऊन एका निरपराध माणसाला तुरुंगात धाडलेले आहे.

या कादंबरीचे मर्म आरोपांच्या स्वरूपात आहे. दहाही जणांचे गुन्हे कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. धन्याला औषध वेळेवर न देणारे नोकर जोडपे, मद्याच्या अमलाखाली शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, पत्नीच्या प्रियकराला युद्धात मृत्यूच्या तोंडी धाडणारा सेनापती, हाताखालच्या मुलाला खोल पाण्यात पोहू देणारी शिक्षिका, गर्भवती मोलकरणीला घराबाहेर काढणारी धर्मनिष्ठ प्रौढा. यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कृती सिद्ध करता येत नाही, किंवा ती कृती नसून कृतीचा अभाव आहे. हे गुन्हे सत्तेच्या, विश्वासाच्या आणि वर्गाच्या संबंधांतून घडलेले आहेत. त्यांतही लाँबर्ड या साहसी माणसाचा गुन्हा वसाहतवादी व्यवस्थेकडे बोट दाखवितो. पूर्व आफ्रिकेत त्याने एकवीस स्थानिक माणसांना अन्नाविना सोडून स्वतःचा जीव वाचविला आहे आणि ते तो निर्विकारपणे कबूल करतो. शिक्षिका ही गोष्ट फारशी गंभीर मानीत नाही; धर्मनिष्ठ प्रौढा तिला काळे-गोरे सारे बंधूच असल्याची आठवण देते. पण हीच स्त्री आपल्या मोलकरणीला निष्ठुरपणे मरू देते. लेखिका येथे भाष्य करीत नाही. दोन पात्रांच्या प्रतिक्रिया शेजारी ठेवून ती पुढे जाते.

मात्र या बाबतीत लेखिकेला सर्वस्वी मोकळे सोडता येत नाही. कादंबरीचे मूळ ब्रिटिश शीर्षक आणि त्यातील बालगीत यांत कृष्णवर्णीयांविषयीचा हीन शब्द होता. १९४० च्या अमेरिकन आवृत्तीत शीर्षक बदलले गेले. ब्रिटनमध्ये मात्र ते १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिले. तिच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत ज्यू व्यक्तींविषयीचे पूर्वग्रहदूषित उल्लेखही आढळतात. वसाहतीतील एकवीस माणसांचे मरण हा गुन्हा मानणारी आणि त्याच वेळी त्या माणसांना हिणविणारा शब्द मुखपृष्ठावर मिरविणारी ही कृती एकाच समाजाची दोन्ही अंगे दाखविते. अभ्यासकाने यांपैकी एक अंग झाकून दुसरे दाखविणे योग्य नव्हे.

कादंबरीच्या अखेरीस दहाही जण मृत आढळतात आणि स्कॉटलंड यार्डचे अधिकारी हतबुद्ध होतात. समुद्रात सोडलेल्या बाटलीतील कबुलीजबाब कोळ्यांच्या बोटीला सापडतो तेव्हाच उलगडा होतो. दहा जणांतील निवृत्त न्यायाधीशानेच हे सारे घडविले आहे. कायद्याला जे जमले नाही ते आपण केले, ही त्याची भूमिका आहे. ज्यांचा दोष कमी, त्यांना आधी आणि वेदनेवाचून मारण्याची त्याची दक्षता न्यायालयीन निर्णयाची आठवण करून देते. पण त्याच्या न्यायबुद्धीच्या मुळाशी मृत्यू घडविण्याची लालसा आहे, हेही तो लपवीत नाही. न्याय करण्याची इच्छा आणि मारण्याची इच्छा एकाच मनात, एकाच आसनावर बसलेल्या दिसतात. येथे गुन्हेगार सापडतो, परंतु व्यवस्था पूर्ववत होत नाही; कारण व्यवस्थेचा प्रतिनिधीच गुन्हेगार आहे. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

१९४३ मध्ये ख्रिस्ती यांनीच या कादंबरीचे नाट्यरूपांतर केले. रंगभूमीवर सर्वांचा मृत्यू दाखविल्यास कथा सांगावयास कोणी उरत नाही, या अडचणीतून त्यांनी शेवट बदलला. दोन व्यक्ती निर्दोष ठरून वाचतात आणि प्रेक्षकाला दिलासा मिळतो. १९४५ च्या चित्रपटापासून पुढे अनेक रूपांतरांनी हाच सौम्य शेवट स्वीकारला. राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ (१९६५) हा हिंदी चित्रपट याच कथेवरून सैलपणे बेतलेला आहे. त्यात एकाकी स्थळ आणि एकामागून एक होणारे मृत्यू आले. परंतु कथेचे सूत्र सूडाचे झाले. रूपांतराच्या वाटेवर भय टिकले, न्यायाचा प्रश्न मात्र गळून पडला.

६. चार हजार वर्षांपूर्वीचा वाडा

१९३८ मध्ये ख्रिस्ती यांनी ‘अ‍ॅशफील्ड’ विकले आणि डार्ट नदीकाठची ‘ग्रीनवे’ ही वास्तू घेतली. युद्धकाळात मॅलोवन उत्तर आफ्रिकेत होते आणि त्या लंडनमध्ये पुन्हा एकदा रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत होत्या. बाँबवर्षावाच्या त्या वर्षांत त्यांनी विपुल लेखन केले. आपण जगलो नाही तर घरच्यांना उत्पन्न राहावे, म्हणून प्वारो आणि मिस मार्पल यांच्यावरील एकेक कादंबरी त्यांनी लिहून तिजोरीत ठेवली.

इजिप्तविद्येचे अभ्यासक स्टीफन ग्लॅनव्हिल यांनी याच सुमारास प्राचीन इजिप्तवर रहस्यकादंबरी लिहिण्याचे सुचविले. आधार म्हणून त्यांनी हेकानख्त याची पत्रे पुढे ठेवली. ही पत्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या उत्खननात १९२१-२२ मध्ये लक्झरजवळ सापडली होती. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा हा जमीनमालक व पुरोहित परगावाहून घरच्यांना धान्याचा हिशेब बजावतो, मुलांना दटावतो आणि आपल्या नव्या स्त्रीला घरात नीट वागविले जात नाही अशी तक्रार करतो. राजे आणि पिरॅमिड यांच्या इतिहासात हे घरगुती भांडण अनपेक्षितच होते. ख्रिस्ती यांना त्यात कथा दिसली. त्या काळी लोक काय खात, कुठे बसून खात, सामान कसे ठेवीत, या प्रश्नांनी त्यांनी ग्लॅनव्हिल यांना भंडावून सोडले. ‘डेथ कम्स अ‍ॅज द एंड’ ही कादंबरी अमेरिकेत १९४४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९४५ मध्ये प्रकाशित झाली. विसाव्या शतकाबाहेर घडणारी आणि एकही युरोपीय पात्र नसलेली ही त्यांची एकमेव कादंबरी. ऐतिहासिक रहस्यकथा हा पुढे बहरलेला उपप्रकार तेव्हा जवळजवळ अस्तित्वात नव्हता.

इम्होतेप नावाचा पुरोहित नोफ्रेत या तरुण उपस्त्रीला वाड्यात आणतो आणि मत्सराची ठिणगी पडते. नोफ्रेतच्या मृत्यूनंतर घरातील माणसे एकेक करून मरू लागतात. येथे पोलीस नाहीत, बोटांचे ठसे नाहीत. मृतात्म्याच्या कोपावर मात्र सर्वांचा विश्वास आहे. वाड्याभोवती पाणी नसूनही तो बेटच आहे. अधू दृष्टीची वृद्ध आजी एसा आणि विधवा कन्या रेनिसेंब यांना जवळ आहे तो केवळ माणसांच्या स्वभावाचा अनुभव. कुटुंबातील सर्वांत आज्ञाधारक आणि मवाळ माणूस हाच खुनी निघतो. बालपणीच्या स्वप्नातील डोळे येथे चार हजार वर्षे मागे जाऊन पुन्हा दिसतात. दडपलेल्या पुत्राची भीती हळूहळू क्रौर्यात बदलते, हे या कादंबरीचे मानसशास्त्र बापाच्या धाकात वाढलेल्या एकत्र कुटुंबाला परिचित वाटावे असे आहे. ग्लॅनव्हिल यांच्या आग्रहावरून आपण शेवट बदलला, याची खंत ख्रिस्ती यांना नंतर वाटत राहिली.

१९४४ मध्येच वेस्टमॅकॉट या नावाने ‘अ‍ॅबसेंट इन द स्प्रिंग’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी सलग तीन दिवसांत लिहिली आणि आपल्या लेखनात तिला त्या फार मोलाची मानीत. बगदादहून परतणारी जोन ही इंग्रज गृहिणी पुरामुळे गाडी न आल्याने वाळवंटातील विश्रामगृहात अडकते. वाचावयास पुस्तक नाही, बोलावयास माणूस नाही. नाइलाजाने ती स्वतःचा विचार करू लागते आणि आदर्श पत्नी व माता म्हणून आपण पतीचे आणि मुलांचे जीवन कसे कोमेजून टाकले, हे तिच्या लक्षात येते. येथे आरोपी, साक्षीदार आणि तपास करणारा एकच आहे. सत्य उलगडते, ती बदलण्याचा निश्चयही करते. पण घरी पोहोचताच जुन्या सवयी तिला ओढून घेतात आणि ती ते सत्य पुन्हा झाकून टाकते. ख्रिस्ती यांच्या साऱ्या कथाविश्वात याहून अस्वस्थ करणारा शेवट क्वचितच आढळेल. आपण काय केले हे या गुन्हेगाराला कळलेले असते; तरीही तो सुटतो.

७. उत्तरायुष्य आणि मौन

१९४७ मध्ये राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या नभोनाट्यातून ‘द माउसट्रॅप’ हे नाटक निघाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये त्याचा प्रयोग झाला आणि २०२० च्या महामारीत नाट्यगृहे बंद होईपर्यंत तो अखंड चालू राहिला. १९७४ मध्ये नाट्यगृह बदलले, पण खंड पडला नाही. येथेही बर्फाने वेढलेले घर आहे, आणि मुळाशी आहे ती अनाथ मुलांच्या हालांकडे समाजाने केलेली डोळेझाक. १९४५ मध्ये एका मुलाचा पालक कुटुंबात झालेला मृत्यू त्यामागे होता. कायद्याने वेळेवर न पाहिलेला अन्याय हे सूत्र पुन्हा येते.

१९७१ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफोर्ड येथील घरी त्यांचे निधन झाले आणि चोल्सी येथील चर्चच्या आवारात दफन झाले. सहासष्ट रहस्यकादंबऱ्या आणि चौदा कथासंग्रह एवढा त्यांचा या प्रकारातील वाङ्मयसंभार आहे.

त्यातील बहुसंख्य कादंबऱ्यांत प्वारो किंवा मिस मार्पल येतात, सत्य सांगतात आणि वाचक निश्चिंत होतो. या निश्चिंततेसाठी त्या वाचल्या जातात यात वावगे काही नाही. परंतु बेटांच्या कथांत हे तारणहार अनेकदा गैरहजर असतात. तिथे न्याय करणारा न्यायाधीश खुनी ठरतो, घरातील मवाळ पुत्र संहारक ठरतो आणि स्वतःचा निवाडा करणारी स्त्री निकाल फाडून टाकते. केवळ ‘अनफिनिश्ड पोर्ट्रेट’ मधील बेटावर निवाड्याऐवजी ऐकणे आहे, आणि तिथेच एक जीव वाचण्याची शक्यता निर्माण होते. अकरा दिवसांच्या मौनाचे उत्तर शोधणाऱ्यांनी या फरकाकडे पाहावयास हवे. गुन्ह्याचा छडा लावता येतो. माणसाचा निवाडा करण्याचा अधिकार मात्र त्यातून आपोआप प्राप्त होत नाही. ही जाणीव लोकप्रिय वाङ्मयातून इतक्या सातत्याने व्यक्त झालेली असताना त्या वाङ्मयाला केवळ कोडे म्हणून बाजूला सारणे हे समीक्षेला परवडणारे नाही.